दिव्यांचा तक्ता

"रंग लिहायचा? शब्द नाही चालणार?" ओकेरावांनी विचारलं.

नवे साहेब हसले. हसले म्हणजे दात दाखवले. "काका, रंग म्हणजे शब्दच की. हिरवा, केशरी, लाल. तीन चौकोन दिलेत, एकात टिक करायची. शाळेतलं पोरसुद्धा करेल."

बैठकीला आलेले सगळे हसले. मी हसले नाही. त्या खोलीतल्या अकरा माणसांत मला एकटीलाच माहीत होतं, की शाळेतलं पोर करेल ते ओकेरावांना जमणार नाही. त्यांना हिरवा, केशरी, लाल यांतला फरक दिसत नाही. जन्मापासून. चोवीस वर्षं दिव्यांनी भरलेल्या खोलीत नोकरी केली त्या माणसानं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. पत्ता लागला असता तर पहिल्याच दिवशी घरी धाडलं असतं, कारण नोकरीच्या अर्जावर 'नजर निर्दोष' असं लिहून खाली त्यांनी सही केली होती.

आमचं काम समजावून सांगायला गेलं की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. बारा इस्पितळांचे एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट आमच्या इमारतीतल्या डिस्कवर साठवलेले असतात. डिस्क एका बाजूला, सर्व्हर दुसऱ्या बाजूला, आणि मधे छातीएवढी उंच लोखंडी पेटी. तिला चॅसी म्हणतात. तिच्यात दहा स्लॉट, प्रत्येकात एक कार्ड. डॉक्टरनं एक्स-रे मागितला की तो याच पेटीतून जातो. मधली दोन कार्डं, पाच आणि सहा नंबरची, बाकीच्यांवर हुकूम चालवतात. एक काम करतं, दुसरं त्याची जागा घ्यायला तयार बसतं. पण दुसरं आधीच आजारी असलं आणि कुणी चुकून चालू असलेलंच ओढून काढलं, तर अख्खी पेटी मेली. बारा इस्पितळांतले डॉक्टर काळ्या पडद्याकडे बघत बसणार. जोडीला आणखी एक पेटी हवी असं आम्ही सहा वर्षं लिहून देतोय. कागद फिरतोय, पेटी काही आली नाही.

ही पेटी तपासायची आमची एक पद्धत होती. सकाळी आठला ओकेराव यंत्रांच्या खोलीत पेटीसमोर उभे राहायचे आणि मी शेजारच्या खोलीत स्क्रीनसमोर. मी कमांड द्यायची, दहा ओळी यायच्या, प्रत्येक कार्डाची हालत एका शब्दात लिहिलेली. मी फोनवरून वाचायची. "एक नंबर, ओके." ते त्या कार्डाची केबल हातानं चाचपायचे, जाळीवर तळवा धरून गरम हवा बघायचे, आणि म्हणायचे, "ओके." दहा वेळा मी, दहा वेळा ते. शेवटी खोलीतून बाहेर येऊन अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडायचे, "सगळं ओके!" त्यावरून नाव पडलं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

मला कळलं ते अकरा वर्षांपूर्वी, माझ्या पहिल्याच महिन्यात. रजिस्टरमध्ये तपासणीची सही हिरव्या शाईनं करायची आणि दुरुस्तीची लाल शाईनं, असा नियम होता. आठवडाभर बघते तर तपासणीच्या सह्या लाल. मला वाटलं, म्हातारा वेंधळा आहे. सरळ जाऊन म्हटलं, "काय हो, रोज पेटी मोडते का तुमच्या हातून?" त्यांचा चेहरा असा उतरला, की पुढची थट्टा माझ्या तोंडातच राहिली. दुसऱ्या दिवशी मी हिरव्या पेनाला दोरा बांधून ठेवला. त्यांनी दोरा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "ताई, चहा घेणार?" मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण त्या दिवसापासून मी ताई झाले.

त्यावर आम्ही एकदाच बोललो. ते म्हणाले, "दिवा रंग सांगतो, ताई, पण स्क्रीन शब्द सांगतो. मला शब्द वाचता येतो. माझं कुठं अडलंय?" आणि खरंच अडलं नव्हतं. पंख्याचा आवाज बदलला की कार्ड आजारी पडणार हे त्यांना स्क्रीनच्या दोन दिवस आधी कळायचं. एकदा सुटीवर असताना फोन करून म्हणाले, "तीन नंबरकडे लक्ष ठेवा, काल त्याचा श्वास मला बरा वाटला नाही." तिसऱ्या दिवशी तीन नंबर गेलं. मी चांगल्या नजरेची, पण मला काही श्वासबिस ऐकू आला नव्हता.

असं सगळं सुरळीत चाललेलं, तोवर नवे साहेब आले. नव्या माणसाला जुनी घडी विस्कटल्याशिवाय आपण आलोय असं वाटतच नाही. त्यांनी ठरवलं, की कमांड द्यायचं काम आता इथून होणार नाही. ते दुसऱ्या शहरातल्या मध्यवर्ती खोलीत जाणार. तिथली माणसं दहा इमारतींच्या पेट्या एकाच पडद्यावर बघणार. आमच्या स्क्रीनची खिडकी बंद. इथल्या माणसांनी फक्त दिवे बघायचे, तक्त्यात रंगाची टिक करायची, आणि फोनवरून तिकडचा माणूस सांगेल ते कार्ड काढायचं किंवा घालायचं. मला 'समन्वय' नावाचं टेबल मिळालं. समन्वय म्हणजे बैठकीसाठी खुर्च्या मोजणं. अकरा वर्षं जिच्या बोटांखाली कीबोर्ड होता ती बाई खुर्च्या मोजत होती. रडू यायचं मला, खोटं कशाला सांगू.

त्या बैठकीनंतर ओकेराव जिन्यात थांबले होते. हातात तो कोरा तक्ता. दहा ओळी, तीस चौकोन.

"साहेबांना सांगून टाकू का?" त्यांनी विचारलं.

"वेड लागलंय का तुम्हाला? त्या अर्जावरची सही काढून नाचवतील."

"मग काय करू? अंदाजानं टिका मारू? बारा इस्पितळं आहेत, ताई."

"मी आहे ना," मी म्हटलं. फार सहज म्हटलं. वाक्य बोलायला काय लागतं!

दुसऱ्या दिवसापासून मी आठला पाच मिनिटं कमी असताना पाण्याची बाटली घेऊन यंत्रांच्या खोलीत जायला लागले. पेटीसमोरून चालत जायचं, दिवे बघायचे आणि थांबल्यासारखं न करता म्हणायचं, "दहाच्या दहा." म्हणजे सगळे हिरवे. ते टिका करायचे. एकदाच चार नंबर केशरी होता, तेव्हा म्हटलं, "चार सोडून." त्यांनी बरोबर चौकोनात टिक केली. पाच आठवडे हे चाललं. शाळेत बाकाखालून उत्तर सांगावं तसं आम्ही दोन थोराड माणसं करत होतो, आणि मधूनमधून आम्हाला हसूही यायचं.

मग तो दिवस आला. सकाळी मी नेहमीप्रमाणे जाऊन "दहाच्या दहा" म्हटलं, आणि ते खरंच तसं होतं. साडेदहाला साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मध्यवर्ती खोलीत एक जागा निघाली होती. कमांड द्यायचं काम, दहाही पेट्यांचं. बदली व्हायची गरज नाही, इथेच एक स्क्रीन देणार.

"तुमचं नाव मी सुचवलंय," साहेब म्हणाले. "पत्र तयार आहे, वरून सही व्हायची बाकी. तोवर काही भानगड होऊ देऊ नका."

"नाही हो साहेब, माझ्याकडून कसली भानगड!" मी म्हटलं. इतकी आनंदले होते की खुर्चीत नीट बसताही येईना.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. तिकडून मध्यवर्ती खोलीतला माणूस बोलत होता, तरुण आवाज, वैतागलेला.

"सर, तुमच्या खोलीत कोण उभं केलंय? एक कार्ड गेलंय, ते ओढायला सांगतोय तर ओढत नाही. म्हणतो, मला रंग कळत नाही, दुसरं कुणी पाठवा."

"रंग कळत नाही म्हणजे?" साहेब माझ्याकडे बघून म्हणाले.

माझी पाचावर धारण बसली. "मी बघते," म्हटलं आणि धावत सुटले.

ओकेराव पेटीसमोर उभे होते. एका हातात फोन, दुसरा हात पाच नंबरच्या कडीवर. कडी उघडलेली नव्हती. कपाळावर घाम, आणि त्या खोलीत तर स्वेटर घालावा इतकी थंडी.

"तो म्हणतो पाच नंबर ओढा," ते हळू म्हणाले. "पाच केशरी आहे ना, असं विचारतोय. पण ताई, पाचचा श्वास चांगला आहे. सहाचा घरघरतोय. मी तीन वेळा सांगितलं त्याला, सहा असेल. तो म्हणतो, तुमच्या कानाचं नको, दिव्याचा रंग सांगा."

मी बघितलं. पाच हिरवा होता, स्वच्छ हिरवा. सहा केशरी.

मी फोन घेतला. "पाच हिरवा आहे. केशरी सहा आहे."

मग तो म्हणाला, "हां, तेच की. पाच. आमच्या पडद्यावर शून्यापासून मोजतात. शून्य, एक, दोन... तुमचं सहा म्हणजे आमचं पाच."

"हे आधी सांगायला तोंड नव्हतं का?" मी ओरडले. "पाच ओढलं असतं तर बारा इस्पितळं बंद पडली असती!"

"पण नाही ना पडली," तो म्हणाला. "म्हणूनच रंग विचारून खात्री करतो आम्ही. पद्धत आहे ती."

ओकेरावांनी सहा नंबर काढलं, नवीन कार्ड घातलं, मागचे स्क्रू बसवले. वीस मिनिटांत पेटी धड झाली. कुठल्या इस्पितळात कुणाला काही कळलंही नाही. एखाद्या डॉक्टरनं त्या वेळी कुणाच्या तरी छातीचा एक्स-रे मागितला असेल आणि तो आला असेल, इतकंच.

मला वाटलं, त्यांचं कौतुक होईल. निदान त्या शून्यवाल्याला कुणी जाब विचारेल. कसलं काय! मध्यवर्ती खोलीतले सगळे फोन रेकॉर्ड होतात. दुपारी तीनला साहेबांनी ते रेकॉर्डिंग ओकेरावांना आणि मला समोर बसवून ऐकवलं. ओकेरावांचा आवाज स्पष्ट होता. "नाही ओढणार. मला हिरवा-केशरी कळत नाही, जन्मापासून कळत नाही. डोळस माणूस पाठवा, मग ओढतो."

साहेबांनी बटण दाबून ते थांबवलं.

"चोवीस वर्षं," ते म्हणाले. "चोवीस वर्षं तुम्ही आम्हाला फसवलंत."

"काम चोख केलं, साहेब."

"अर्जावर काय लिहिलंय?"

"नजर निर्दोष," ओकेराव म्हणाले.

"बरं, तेही सोडा. ते माझ्या आधीचं आहे." साहेबांनी टेबलावर तक्त्यांचा गठ्ठा ठेवला. पाच आठवड्यांचे तक्ते, एकेक चौकोनात नीट टिक. "हे माझ्या वेळचं आहे. रंग कळत नाही तर हे कसं भरलंत? चार नंबर केशरी झाला तोही बरोबर टिपलाय. कोण सांगत होतं तुम्हाला?"

मी तिथेच बसले होते. त्यांच्यापासून दोन हातांवर. मला बोलता आलं असतं. मी सांगत होते, साहेब. नोंदी खऱ्या आहेत, एकूण एक खरी आहे, माझ्या डोळ्यांनी बघितलेली आहे. एवढंच बोलायचं होतं. ते बोलले असते तर निदान खोट्या नोंदीचा डाग त्यांच्यावर आला नसता. अर्जाची गोष्ट चोवीस वर्षांपूर्वीची, तिचं काहीतरी निभावलं असतं. पण टेबलाच्या कडेला एक लिफाफा होता आणि त्यावर माझं नाव होतं. मी त्या लिफाफ्याकडे बघत मूग गिळून बसले.

"ताई, तुम्हाला माहीत होतं हे?" साहेबांनी थेट मलाच विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

इतक्या चटकन म्हटलं की मलाच आश्चर्य वाटलं. खोटं बोलायला आधी थोडं अडखळावं लागतं असं मी समजत होते.

ओकेरावांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "त्यांना कुठून माहीत असणार?" ते म्हणाले. "कुणालाच नव्हतं. तक्ता मी अंदाजानं भरायचो, साहेब. बहुतेक वेळा सगळे हिरवेच असतात. चार नंबरचं म्हणाल तर नशिबानं लागलं."

"अंदाजानं? बारा इस्पितळांच्या पेटीच्या नोंदी अंदाजानं?"

"हो."

ज्या माणसानं जिन्यात मला विचारलं होतं, अंदाजानं टिका मारू का, बारा इस्पितळं आहेत, तो माणूस हे बोलत होता. साहेबांना मनातून बरंच वाटलं असणार. जुना माणूस कसा हलवायचा या विवंचनेत ते होतेच. सुंठीवाचून खोकला गेला. त्यांनी तिथल्या तिथे जबाब लिहून काढला. 'दिव्यांच्या नोंदी मी प्रत्यक्ष न पाहता अंदाजाने केल्या.' खाली ओकेरावांनी सही केली. मग कागद माझ्याकडे सरकवला गेला, साक्षीदार म्हणून.

मी तो दोनदा वाचला. त्यातला शब्दन् शब्द खोटा होता, आणि त्याच्या खाली मी माझं नाव लिहिलं.

"राजीनामा देताय की चौकशी लावू?" साहेबांनी विचारलं.

"देतो," ओकेराव म्हणाले. "चौकशीत उगाच इतरांना बोलावतील, त्यांचा वेळ जाईल."

बाहेर आल्यावर मी त्यांच्या मागे गेले. काय बोलणार होते कोण जाणे. ते कपाटातून स्वेटर काढत होते, यंत्रांच्या खोलीत घालायचा तो.

"ओकेराव," मी म्हटलं, "मला बोलायला हवं होतं."

"मग दोघं घरी बसलो असतो. त्यात काय शहाणपण?" त्यांनी स्वेटरची घडी घातली. "तुमच्या हातात कीबोर्ड येतोय ना परत? मग झालं तर. त्या पोराला एवढं सांगा, शून्यापासून मोजत जाऊ नको. सांगाल ना?"

"सांगेन."

"तो ऐकणार नाही. पण तुम्ही सांगा."

मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर मी चार शब्द परत केले असते, माझंही काहीतरी मांडलं असतं. माझी जीभ काही कमी चालत नाही. पण त्यांनी रागवायलाही नकार दिला. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा रागच आला.

आठवड्यानं मध्यवर्ती खोलीकडून परिपत्रक आलं. दिव्याचा रंग विचारून खात्री करण्याच्या नव्या पद्धतीमुळे एक मोठा बिघाड टळला, असं त्यात होतं, आणि पद्धत सुचवल्याबद्दल नव्या साहेबांचं अभिनंदन. शून्यापासून मोजण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी माझ्या नव्या स्क्रीनसमोर बसून ते वाचलं. हिरवा-केशरी कळणारी धडधाकट माणसं होतो आम्ही सगळी.

त्याच दुपारी माझा फोन वाजला. बाईचा आवाज होता, जरा बिचकता.

"ताई बोलताय ना? मी यांची मिसेस. ऑफिसात फोन करू नको म्हणाले होते हे, पण मला राहवलं नाही."

"बोला ना, वहिनी." आता ही बाई मला चार शिव्या घालणार, आणि घालू दे, असं मी मनात म्हटलं. माझी तयारी होती.

"यांनी सगळं सांगितलं मला," त्या म्हणाल्या. "कसे साहेब अंगावर धावून आले, आणि एकट्या तुम्ही कशा यांच्या बाजूनं भांडलात. म्हणाले, ताईंनी स्वतःच्या नोकरीचीसुद्धा पर्वा केली नाही. मीच थांबवलं त्यांना, म्हणाले, नाहीतर राजीनामाच द्यायला निघाल्या होत्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हल्ली कोण करतं हो एवढं कुणासाठी? घरी आल्यापासून ते एक अक्षर बोलत नाहीत, नुसते खिडकीशी बसून असतात. पण तुमचं नाव निघालं की तेवढे चार शब्द बोलतात. मला वाटलं, तुम्हाला सांगावं. तुमचे फार उपकार झाले, ताई."

स्क्रीनवर दहा ओळी आल्या होत्या. मी वाचायच्या होत्या आणि तिकडे फोनवर कुणीतरी नवा माणूस वाट बघत होता.

"छे हो, वहिनी," मी म्हटलं. "त्यात काय एवढं!"